न उसवलेलं पोतं

१

सोळा उंदरांच्या पाठीवर गाठी आल्या होत्या, आणि त्या यायला नको होत्या.

नीरजानं फोनवर एवढंच सांगितलं आणि गप्प झाली. माझी नात गप्प बसणाऱ्यातली नाही, ती माझ्यावर गेली आहे. मी तेव्हाच ओळखलं, पाणी डोक्यावरून गेलंय.

"कसल्या गाठी ते नीट सांग," मी म्हटलं. "मला उंदीर मारायचा ठाऊक, त्याची दुखणी ठाऊक नाहीत."

"कॅन्सरच्या, मोठीआई. आपल्या डाळिंबाच्या सालींनी त्या थांबायला पाहिजे होत्या. मागच्या खेपेला थांबल्या होत्या. आता सगळे म्हणतात, मागचे आकडे मी मनानंच लिहिले."

"सगळे म्हंजे कोण?"

"सोमवारी समिती बसणार आहे. कारण सापडलं नाही तर माझी पीएचडी रद्द. आणि फकिराभाऊला कामावरून काढतील. त्यानं पिंजऱ्यांची अदलाबदल केली असं प्राचार्यांना वाटतंय."

फोन गुरुवारी आला. शुक्रवारी सकाळी मी पिशोरहून एसटी धरली.

दोन हजार एकोणीसचा जून. मृग कोरडाच चालला होता आणि गावात आठ दिवसांनी टँकर येत होता. वेरूळ सोडलं की पुढं शहर आडवं येऊ लागतं. दर वर्षी ते दोन कोस अलीकडं आलेलं असतं. जिथं बाजऱ्या उभ्या असायच्या तिथं आता प्लॉटच्या पाट्या होत्या, आणि नव्या इमारतींच्या पायाशी तोच टँकर, तीच बायकांची रांग. शहरात राहायला जाऊन ह्या बायांनी मिळवलं काय, ते त्यांनाच ठाऊक.

मी मात्र कडूबाचा विचार करत होते. कडूबा माझा धाकटा दीर. जन्मापासून पांढरा, केस पांढरे, भुवया पांढऱ्या, कातडी दुधासारखी. गाव त्याला भुऱ्या म्हणायचं. पण शेतकऱ्याच्या पोटी आला, तेव्हा ऊन काही चुकलं नाही. चाळिशीत कानाच्या पाळीवर फोड आला तो भरेना. शहरातल्या डॉक्टरनं सांगितलं, उन्हाचा कॅन्सर आहे, ह्याच्या कातडीत ऊन अडवायला काही नाही. आधी कान गेला, मग गाल, मग माणूस. त्याच्या जखमेवरच्या माशा वारायला नीरजा बसायची, अकरा वर्षांची पोर. पुढं ती फार्मसी शिकली, आणि संशोधनाला विषय घेतला तो हाच: झाडापाल्यातलं काय लावलं तर ऊन कातडीला असं खाणार नाही.

डाळिंब तिनं आमच्याच बागेतून उचललं. उन्हानं डाळिंब करपतं ते वरून, आत दाणा शाबूत राहतो. त्या सालीत जे तुरट असतं त्यावर तिचा भरवसा. पांढऱ्या उंदरांची पाठ भादरायची. निम्म्यांना सालीचा अर्क घातलेलं मलम लावायचं, निम्म्यांना नुसतं मलम. मग आठवड्यातून ठरलेल्या दिवशी त्यांना दिव्याखाली ठेवायचं. उन्हात जे वाईट किरण असतात, ते त्या दिव्यात. असं सहा महिने. पहिल्या खेपेला नुसत्या मलमाच्या विसांपैकी सतरांना गाठी आल्या, अर्काच्या विसांपैकी चौघांना. दुसऱ्या खेपेला अर्काच्या सोळांना.

साली दोन्ही खेपेला माझ्याच घरच्या, पोती माझ्याच हातची. म्हणजे संशय माझ्या उंबऱ्यापर्यंत आलाच होता. मी तो शहरातच गाडायला निघाले होते.

२

कॉलेजच्या मागं उंदरांची खोली. दाराशी फकिरा स्टुलावर बसला होता. बारा वर्षं पिंजरे साफ करणारा माणूस, पण त्या दिवशी त्याला किल्ली दिलेली नव्हती.

"मावशी, तुम्ही पण मलाच इचारणार?"

"तुला नाही तर काय उंदराला विचारू? पिंजरे बदललेस का?"

"नाय. कसे बदलणार? परत्येकाच्या कानाला नंबराचा बिल्ला हाय. पिंजरा बदलला तरी कान बदलत नाय. ते गाईड मॅडमला ठावं हाय, पण मोठ्या साहेबांना कोण सांगनार?"

"दिवा? मलम?"

"दिवा मी लावायचो, मलम नीरजाताई स्वता लावायच्या. एक दिवस खाडा नाय. संक्रांतीला गावाला आल्या नाय, ते कशापायी? उलट यंदाचा माल लई साफ व्हता, मावशी. पैल्या खेपेच्या पोत्यात पालीच्या लेंड्या निघाल्या व्हत्या, मीच तुम्हाला बोललो व्हतो. यंदा एक काडी नाय, धूळ नाय. धुतल्यावानी."

मी मान हलवली आणि पुढं गेले. त्या वेळी ते बोलणं कानावरून गेलं. आपल्या घरची तारीफ माणूस तपासत नसतो.

आत हिमांशू भेटला, नीरजाच्या बरोबरीनं शिकणारा. गोरा, किरकोळ, तोंडात जी-जी. भांडाराची दुसरी किल्ली त्याच्याकडं असायची, आणि पुढच्या वर्षी कॉलेजात जागा एकच निघणार होती. नीरजा की तो, असा मामला.

"बस," मी म्हटलं. "जागा तुला पाहिजे ना?"

"हो, आजी."

"मग?"

"मग काही नाही. पाहिजे म्हणजे चोरून पाहिजे असं नाही." त्यानं चष्मा पुसला. "तुम्हाला खरं सांगू? नोव्हेंबरातच मी मॅडमना म्हणालो होतो, यंदा काहीतरी चुकतंय. तेवढ्याच सालींतून अर्क निम्मासुद्धा निघाला नाही. नीरजानं दुपटीहून जास्त साली घेऊन अर्काचं वजन भरून काढलं."

नीरजा शेजारीच उभी होती. "मला वाटलं, दुष्काळानं झाडंच कमजोर झालीत," ती म्हणाली. "अर्कात तुरट किती आहे ते मोजायचं यंत्र तेव्हा बंद होतं. थांबले असते तर वर्ष गेलं असतं."

मी तिच्याकडं बघत राहिले. एवढं शिकली, आणि बागायतदाराची नात.

"नीरजे, झाडाला पाणी कमी पडलं की फळ बारकं होतं, साल जाड होते, आणि तुरटपणा वाढतो. कमी होत नाही. दुष्काळाच्या डाळिंबाची साल तोंडात धरवत नाही. हे तुला मी सांगायचं?"

हिमांशूनं चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"मला त्या साली दाखवा," मी म्हटलं.

३

भानुमती मॅडम, नीरजाच्या गाईड, स्वतः भांडार उघडायला आल्या. केस पांढरे, आवाज हळू. त्यांनी मला खुर्ची दिली, पण मी उभी राहिले.

मांडणीत दोन गोष्टी होत्या. एक काचेची बरणी, पहिल्या खेपेतल्या उरलेल्या साली नमुना म्हणून ठेवलेल्या. आणि खाली एक आख्खं पोतं. दुसऱ्या खेपेला मी दोन पोती पाठवली होती. एक सरलं होतं, ते कोपऱ्यात घडी करून ठेवलेलं; दुसऱ्याला हात लागला नव्हता.

मी बरणीतला तुकडा जिभेवर ठेवला. दीड वर्षाची साल, तरी तोंड आवळलं. मग सरलेल्या पोत्याच्या तळाशी राहिलेला एक तुकडा चाखला. काहीच नाही. जणू भुस्सा.

"आजी, चवीवर समिती विश्वास ठेवणार नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग डोळ्यांवर ठेवतील." मी कमरेचा अडकित्ता काढला. लोखंडी, माझ्या सासूच्या वेळचा. दोन्ही साली पाण्यात भिजवल्या आणि त्याच्या पात्यात दाबून धरल्या. आमच्याकडं केस काळे करायला बायका डाळिंबाची साल लोखंडाच्या कढईत ठेवतात. सालीतलं तुरट लोखंडाला लागलं की काळं होतं. चहाचा एक कप होईस्तोवर बरणीतल्या सालीवर शाई उतरल्यासारखा डाग पडला. दुसरी तशीच फिकट.

"ह्या साली डाळिंबाच्याच आहेत, पण ह्यांचा जीव आधीच काढून घेतलाय," मी म्हटलं. "चहाची पत्ती एकदा उकळून वाळवून परत डब्यात भरावी, तसं. कुणीतरी ह्या उकडल्या आहेत."

सगळे त्या काळ्या डागावर वाकले. मला तो क्षण आवडला, खोटं कशाला बोलू. फकिरा दारातून बघत होता.

"आता हे पोतं बघा," मी म्हटलं. "माझं शिवलेलं. खालून दोन टाके, वरून एक, आणि शेवटची गाठ आत दाबलेली. पंचक्रोशीत असं पोतं दुसरं कुणी शिवत नाही. कुणी उसवून परत शिवलं असतं तर मला आंधळीलाही कळलं असतं. ह्याला कुणीही हात लावलेला नाही. ह्यातली साल चांगली निघणार, आणि मग पहिल्या पोत्याशी इथं कुणी खेळ केला ते बघू."

हे बोलताना मी हिमांशूकडं बघत होते.

मॅडमनी कात्री दिली. मी माझीच शिवण कापली, वरचीच साल उचलली, भिजवली, अडकित्त्यात धरली. आम्ही वाट बघितली. चहा संपला. साल फिकटच राहिली.

मी दुसरी घेतली, पोत्याच्या पोटातली. मग तिसरी, तळाची.

हिमांशू हळूच म्हणाला, "आजी, पण शिवण तर तुमचीच आहे ना?"

४

परतीच्या एसटीत मी त्या शिवणीचाच विचार करत होते.

शिवण माझी, तेव्हा गुन्हा शिवणीच्या आधी झाला. म्हणजे माझ्या घरात. फकिरा सुटला, हिमांशू सुटला. त्या पोराकडं मी बोट दाखवायच्या बेतात होते, त्याची मला लाज वाटायला पाहिजे होती. वाटली ती रागाचीच ऊब.

घरात साली हाताळणारे तिघं. मी, माझी सून सुरेखा म्हणजे नीरजाची आई, आणि गडी सोमनाथ. मी शिवते, सुरेखा घराच्या धाब्यावर वाळवून पोत्यात भरते, सोमनाथ गाडीवर चढवतो. पिशोरच्या बाजारात केसांचं औषध विकणारा एक जण सालींचं पाणी मागत फिरतो, हे मला ठाऊक होतं. मी सोमनाथवर ठपका ठेवायचं ठरवूनच घरी आले.

तो गोठ्यात होता.

"सोमनाथ, दिवाळीला सालींचं काय केलंस? उकडून पाणी कुणाला विकलंस?"

त्यानं वैरणीची पेंढी खाली ठेवली. "मोठ्या बाई, मला चोरायचंच असतं तर पोतं उचललं असतं. पाणी काढून घ्यायचं, मग साली परत वाळवायच्या, निवडायच्या, आणून जागच्या जागी ठिवायच्या, एवढी मेहनत चोर करतो व्हय?"

गड्याचं बोलणं होतं, पण सरळ होतं. चोर वस्तू घेऊन जातो. ती साफसूफ करून परत ठेवणारा चोर नसतो.

साफसूफ. फकिराचं बोलणं तेव्हा कुठं मागून येऊन कानात शिरलं: एक काडी नाय, धूळ नाय, धुतल्यावानी.

"त्या दिवाळीला मागची चूल कुणी पेटवली होती का?"

सोमनाथ वैरणीकडं बघत राहिला. "मी बघितलं नाय."

जो माणूस विचारलेल्याचं 'नाय' असं सांगत नाही, 'बघितलं नाय' म्हणतो, त्यानं बघितलेलं असतं. मी गोठ्याच्या मागं गेले. मागच्या चुलीजवळ एक जुनं लोखंडी पिंप आडवं पडलं होतं. मी वाकून आत बघितलं. तळापासून निम्म्यापर्यंत काळंकुट्ट, दौतीसारखं. बोट घासलं तरी निघेना.

त्यासरशी आठवलं. त्याच दिवाळीत अंगण काळपट सारवलेलं होतं. "सणाचं सुतक पाळतेस का गं?" असं मी सुरेखाला दारात उभ्या चार बायकांसमोर म्हटलं होतं. तिनं मान खाली घातली होती आणि सारवण तसंच पुरं केलं होतं.

५

ती ज्वारी निवडत होती. मी समोर बसले. अठ्ठावीस वर्षांत मी तिच्यासमोर कामाशिवाय बसले नव्हते, म्हणून तिचा हात थांबला.

"सुरेखा, साली उकडल्यास का?"

"व्हय, आत्याबाई."

एवढं सरळ. मी तयारी वेगळीच करून आले होते.

"का?"

तिनं सूप बाजूला सारलं. "पैल्या खेपेला शहरातून आल्यावर तुम्ही काय बोलल्या, आठवतंय? पोत्यात लेंड्या निघाल्या म्हणून. 'तुझ्या माहेरची घाण कॉलेजात मांडलीस,' म्हणाल्या. शेजारची लक्ष्मीबाई होती, तिची सून होती. मी रडले नाय. पण ठरवलं, परत कुणाला बोट ठिवू द्यायचं नाय. औषध व्हायचंय, कुणाच्या तरी अंगाला लागायचंय. बाळंतिणीचे कपडे उकळतो तशा उकळल्या. एक पाणी तांबडं निघालं, म्हटलं घाण हाय. ते काढून दुसऱ्या पाण्यात घातल्या. तेबी तांबडं. मग वाळवल्या."

"आणि पाणी?"

"टँकरचं पाणी टाकून देऊ व्हय? पिंपात भरलं. जनावरं तोंड लावंनात, म्हणून सारवायला घेतलं."

मी तिला सांगितलं. गाठी, समिती, फकिरा, सगळं. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा बदलत गेला. जे ती घाण म्हणून काढत होती तेच औषध होतं, हे मला तिला सांगावं लागलं नाही.

"माझ्याच पोरीचं," ती म्हणाली.

माझ्या मनात दोन वाटा होत्या, लपवत नाही. समितीला म्हणता आलं असतं, बाजारात कुणी भेसळ केली असेल, गडी चुकला असेल. शिवण बघणारी मीच, मी म्हटलं असतं की शिवण बदललेली आहे, तर ते खोटं पाडणारं कुणी नव्हतं. घराची इज्जत राहिली असती. फकिरा किंवा हिमांशू गेला असता.

"सोमवारी माझ्यासंगं चल," मी म्हटलं.

"मी? तिथं काय बोलू?"

"काही बोलू नको. मी बोलते."

६

समितीत पाच माणसं होती. प्राचार्य मधोमध, भानुमती मॅडम कडेला. नीरजा भिंतीशी. फकिराला बाहेर बसवलं होतं, मी त्याला आत बोलावून घेतलं.

"चूक ह्या माणसाची नाही, त्या पोराची नाही, माझ्या नातीचीही नाही," मी म्हटलं. "साली माझ्या घरात उकडल्या गेल्या. पोतं माझ्या हातचं, शिवण माझी, ती उसवलेली नव्हती. चूक माझी."

"तुम्ही उकडल्यात?" प्राचार्यांनी विचारलं.

"माझ्या घरात झालं म्हंजे मीच केलं."

"आजी, तसं चालत नाही. किती वेळ उकडल्या? पाणी किती?"

मला काय ठाऊक. प्राचार्य मॅडमकडं बघून हसल्यासारखं करू लागले. म्हातारी नातीला वाचवायला गोष्ट रचून आली, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. नीरजानं डोळे मिटले.

"दोनदा उकडल्या," सुरेखा म्हणाली.

ती माझ्या मागं उभी होती. पदर घट्ट धरलेला, आवाज मात्र साफ. "पैल्या पाण्याला तांदूळ शिजतो तेवढा वेळ. दुसऱ्याला त्याच्या निम्मा. दोन पायल्या सालींना तीन घागरी पाणी, दर खेपेला नवं. पितळी पातेल्यात. सावलीत चार दिवस वाळवल्या, उन्हात नाय. पैलं पाणी लई तुरट होतं, दुसरं कमी. मी चाखून बघितलं होतं. आत्याबाईंना ह्यातलं काय बी ठावं नव्हतं."

भानुमती मॅडमनी वही ओढली आणि लिहायला लागल्या. एकेक गोष्ट परत विचारली, घागर केवढी, पातेलं केवढं. सुरेखानं एकेक सांगितली. मग मॅडमनी समोर कागद सरकवला.

"यंत्र आता चालू आहे. त्या न उसवलेल्या पोत्यातल्या साली मी शनिवारी तपासल्या. बरणीतल्या सालींत जेवढं तुरट आहे, त्याच्या पाचव्या हिश्शापेक्षा कमी निघालं. ह्या जे सांगतात त्याच्याशी ते जुळतं." त्या प्राचार्यांकडं वळल्या. "आणि एक गोष्ट माझ्या आता लक्षात येते आहे. तीच बाग, तशीच साल, फक्त तुरट काढून घेतलेलं, आणि उंदरांना गाठी आल्या. असा तिसरा गट मुद्दाम करायला हवा होता, तो आम्हाला सुचला नव्हता. नीरजाचे पहिले आकडे ह्यानं खोटे ठरत नाहीत. त्यांना आधारच मिळतो."

"म्हणजे सिद्ध झालं?" एका सदस्यानं विचारलं.

"नाही. चांगल्या सालींनी तिसऱ्यांदा करावं लागेल, तिन्ही गट शेजारी ठेवून. आणि तरी ते उंदरांवरचं असेल, माणसावरचं नाही. नवीन साली तपासल्याशिवाय मलम करायचं नाही. गेल्या वेळी ती तपासणी मीच सोडून दिली. तेही नोंदवून घ्या."

प्राचार्यांनी फाईल मिटली. रद्द काही होणार नव्हतं. फकिराला त्यांनी तिथंच किल्ली दिली, माफी मात्र मागितली नाही. ती मी मागितली, हिमांशूची. "तुझ्यावर डोळा ठेवला होता," म्हटलं. "माहीत आहे, आजी," तो म्हणाला. "मी पण तुमच्यावर ठेवला होता."

मॅडमनी वहीचं पहिलं पान काढलं. तिथं माझं नाव लिहिलं होतं, साली तयार करणार: श्रीमती दगडाबाई. त्यांनी पेन थांबवून माझ्याकडं बघितलं.

"खोडा," मी म्हटलं. "सुरेखा लिहा. सगळं तिनंच केलंय. आधीचं चांगलंही तिनंच केलं होतं, ते कुणी विचारलं नव्हतं."

सुरेखानं माझ्याकडं बघितलं नाही. ती मॅडमना म्हणाली, "परत तेवढे उंदीर मरतील?"

"हो."

नीरजा आईजवळ येऊन उभी राहिली. सुरेखानं त्या वहीवर बोट ठेवलं.

"मग ह्या खेपेला मी इथंच येऊन वाळवते," ती म्हणाली. "तुमच्या समोर. मला शिकवा काय ठिवायचं, काय काढायचं. महिनाभर लागला तरी राहते नीरजाच्या खोलीवर."

घर कोण बघणार, चार म्हशींची धार कोण काढणार, हे माझ्या तोंडावर आलं होतं. सत्तरी उलटली, माझे गुडघे म्हशीखाली बसत नाहीत, हे तिलाही ठाऊक होतं. ती पहिल्यांदाच माझ्याकडं वळली आणि वाट बघत राहिली.

"जा," मी म्हटलं. "म्हशी मी बघते."